जहाजावरून दिसणारा विजयदुर्ग

मलकापूर-कऱ्हाडच्या माणसाला किल्ला म्हटला की डोंगर आठवतो. सदाशिवगड काय, वसंतगड काय, आपण ते पायथ्यापासून मान वर करून पाहतो. समुद्रकाठचा किल्ला मात्र आपल्या मनात बहुधा चित्रांतून शिरलेला असतो, आणि ती चित्रे जहाजावरच्या माणसाच्या नजरेतली असतात. चित्रकार डॉमिनिक सेरेसने 1771 मध्ये रंगवलेले विजयदुर्गाच्या पाडावाचे चित्र याचा उत्तम दाखला आहे. ते आज ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. फेब्रुवारी 1756 चा प्रसंग. अथांग पाणी, डौलदार युद्धनौका, तोफांचा धूर आणि पलीकडे मराठी आरमाराच्या आंग्रे घराण्याचा किल्ला. माझ्या मते या चित्राचा खरा विषय किल्ला नसून पाहणाऱ्याची जागा हा आहे, आणि त्या जागेमुळेच अर्धा इतिहास चौकटीबाहेर राहतो.

पाडावाच्या पुढच्याच वर्षी, 1757 मध्ये, एडमंड बर्कचा भव्यतेवरचा ग्रंथ निघाला. सुरक्षित अंतरावरून पाहिलेली भीतीही आनंद देते, हा त्यातला विचार पुढे रोमँटिक चित्रकलेत मुरला. जॉर्ज बोमाँटच्या 1806 च्या चित्रात पील कॅसल वादळात उभा आहे. आभाळात वीज, खाली खवळलेला समुद्र, त्यात सापडलेले एक जहाज. तिथे दोष कोणाचाच नाही. सेरेसच्या चित्रात वादळाचे काम तोफा करतात, म्हणून तिथलाही विध्वंस निसर्गाच्या कोपासारखा अटळ वाटू लागतो. प्रत्यक्षात त्यामागे माणसांचे निर्णय होते. इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार समुद्रातून आले, तसे रामाजी महादेवांच्या हाताखाली पेशव्यांचे सैन्य जमिनीकडून आले होते. किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे तहाच्या बोलण्यासाठी त्याच मराठी छावणीत होता. 12 फेब्रुवारीला एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पूर्वी हस्तगत केलेले. शेजारी नांगरलेल्या गलबतांवर आग पसरली आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजीचे पुढचे आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

कोणी म्हणेल, चित्रकाराकडून बखरीची अपेक्षा कशाला? त्याचे काम रंग आणि प्रकाशाचे. ते मान्य. पण पंधरा वर्षांनी, लंडनमध्ये बसून हा प्रसंग रंगवताना काय पुढे आणायचे आणि काय मागे ठेवायचे, याची निवड झालीच आहे, आणि ती निवड हाच पुरावा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परक्याचे चित्र म्हणून त्याला दूर सारावे. तसे केले तर आपलीच सोय होईल. चित्रात जमिनीची बाजू दिसत नाही, आणि नेमकी तीच आपल्याला अडचणीची आहे. सेरेसने ती आपल्यासाठी झाकली नव्हती, तरी झाकली गेली; आपण ती उघडायला हवी.

विजयदुर्ग 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही त्याच यादीत आहे. आता शाळाशाळांत या किल्ल्यांची चित्रे लागतील. ती जरूर लावावीत, सेरेसचेही लावावे. फक्त त्याखाली दोन ओळी लिहाव्यात: समुद्रातून कोण आले आणि जमिनीवरून कोण आले.