दोन कुलुपं

रविवार, रात्र.

उपासनेनंतर वडीलमंडळींची बैठक झाली. मला नवे स्पीकर हवे होते; त्यांना आधी गळके पत्रे बदलायचे होते. कोपऱ्यातल्या बादलीत टपटप चालूच होती, जणू तीही मत देत होती. अखेर पत्रेच ठरले. थोडा खट्टू झालो, खोटं कशाला बोलू?

१९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात माझ्यासारख्या पाळकाला ‘प्रेसबिटर’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘वडील’. बायबलमध्ये प्रेषित पेत्रसुद्धा मंडळीच्या वडिलांना लिहिताना स्वतःला त्यांच्यातलाच एक म्हणवतो. आणि दिवसभर एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला सासऱ्याने, इथ्रोने, बजावलंच होतं: अशाने तू थकशील आणि लोकही.

व्यासपीठावर मी एकटा उभा असतो. तिथली सवय बैठकीत शिरते. मग ‘माझी मंडळी’ हे शब्द नकळत तोंडात येतात. मंडळी प्रभूची, मी राखणदार, तोही एकटा नाही.

निघताना दानपेटी उघडली. तिला दोन कुलुपं. एक किल्ली खजिनदारकाकांकडे, दुसरी माझ्याकडे. पूर्वी ते मला अविश्वासाचं वाटायचं. आज हलकं वाटलं.