'शारदा'च्या प्रयोगातले पिस्तूल

अंजनगाव सुर्जीत शस्त्रांचा विषय निघाला की तो बहुधा 1803 च्या तहापाशी येऊन थांबतो. आमच्या रविवारच्या बैठकीत मात्र दौलतराव शिंद्यांची आठवण कोणी काढीत नाही. तिथे चर्चा असते ती रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांची. पानमळ्याचे मालक भाऊसाहेब, एक निवृत्त सुभेदार, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेले एक वकील आणि शोभेपुरता मी. चौघांत परवान्याचे शस्त्र एकच: भाऊसाहेबांचे कानपूरचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर. निवडणुकीची आचारसंहिता लागली की तेही पोलीस ठाण्यात जमा होते आणि भाऊसाहेब लेक सासरी गेल्यासारखे गप्प बसतात.

आवडीला वस्तू जवळ असावीच लागते असे नाही. सुभेदारांचा जीव ब्राउनिंगवर, तेरा गोळ्यांच्या मॅगझिनसकट. वकिलांना वेब्लीखेरीज काही दिसत नाही. ते मधोमध मोडले की सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात, हे ते हातवारे करून दाखवतात. भाऊसाहेबांचे म्हणणे साधे: "सर, काडतूस फुसकं निंघालं त पुन्हा चाप ओढाचा, दुसरं घर समोर येते. पिस्तुलात अडकलं त माणूस बसला खटखट करत." एकदा त्यांनी ते रिकामे करून माझ्या तळहातावर ठेवले. त्याचे वजन मला आवडले. हे मी घरी सांगितलेले नाही. 1938 च्या मुंबईच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष सावरकरांनी साहित्यिकांना लेखण्या टाकून बंदुका घ्यायला सांगितले होते, ते वकील मला अधूनमधून ऐकवतात. त्या दिवशी ऐकवले नाही, एवढेच.

मागच्या महिन्यात सुभेदार ब्राउनिंगच्या घराण्याचा इतिहास सांगू लागले. 1909 साली लंडनहून सावरकरांनी पेटीच्या चोरकप्प्यात लपवून पाठवलेली वीस पिस्तुले याच बनावटीची. त्यांतल्याच एकाने 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. मग नळीची लांबी, चापाचा ताण वगैरे बराच वेळ चालले. मध्येच वकिलांनी विचारले, "नाटक कोणतं होतं हो?" सगळे माझ्याकडे पाहू लागले.

नाटक होते 'शारदा'.

मी 'शारदा' वीस वर्षे शिकवतो आहे. देवलांची संवादभाषा, जरठ-बालाविवाहाचा प्रश्न, पदांची रचना, सगळे सांगतो. विजयानंदमधल्या त्या रात्रीबद्दल वर्गात कधी एक वाक्यही बोललो नव्हतो. माहीत नव्हते असे नव्हे. ते इतिहासाच्या विभागाचे, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. त्या रात्री पुस्तके काढून बसलो. मारला गेलेला जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता. मारणारा औरंगाबादला चित्रकला शिकणारा, जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा, आणि त्याने 'मित्रप्रेम' नावाची एक कादंबरी लिहिली होती. मराठीत एम.ए. करून मला हे पहिल्यांदा कळत होते. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्याबरोबर त्याला फाशी झाली.

सोमवारी बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हजेरी घेताना मी पुन्हा पुन्हा वर पाहत होतो. सगळी त्याच वयाची मुले.

पुढच्या रविवारी बैठकीत हे सांगितले. सुभेदारांनी काही वेळ चष्मा पुसला. भाऊसाहेबांचे रिव्हॉल्व्हर टेबलावर फडक्यात गुंडाळलेले होते. ते उघडायचे राहून गेले.

"ते कादंबरी भेटते का सर कुठी?" त्यांनी विचारले.

शोधतो, म्हणालो.