निवणे

मराठीतला 'निवणे' हा शब्द मला मोठा समजूतदार वाटतो. दूध निवते, तसे डोळे निवतात, जीवही निवतो. पण निवण्याच्या काळात पदार्थ किती असहाय असतो, हे मला इंग्लंडात राहणाऱ्या एका मित्राच्या पत्रांतून कळले. तिथे १९६३ पासून घरच्यापुरती बीअर करण्यास परवाना लागत नाही, आणि हा गृहस्थ ती हौसेने करतो.

मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात ठेवले, की त्यांचा गोड काढा उतरतो. त्यात हॉप्सची कडू फुले घालून तो तासभर उकळतात. खळखळत असतो तोवर त्याला भय नाही. तिथे जंतूंची डाळ शिजत नाही. धोका असतो तो विस्तव काढल्यावर. आंबवणारे यीस्ट वीस अंश सेल्सिअसच्या सुमारास घालायचे. कढत काढ्यात ते मरते, जसे कढत दुधात विरजण. मधल्या वेळात तो गोड, कोमट काढा म्हणजे दार उघडे टाकलेले घर! हक्काच्या भाडेकरूआधी वाटेवरच्या कोणीही येऊन बिऱ्हाड थाटावे. बीअर नासते ती अशा उपऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे, हे लुई पाश्चरने १८७६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

म्हणून मित्र घाई करतो. उकळी संपण्यापूर्वी पंधरा मिनिटे तांब्याच्या नळीचे वेटोळे काढ्यात सोडतो, म्हणजे तेही निर्जंतुक होते. मग नळीतून थंड पाणी खेळवतो आणि काढा हलकेच ढवळतो. बर्फ भांड्याबाहेर रचतो, आत टाकत नाही. कढत काढा काचेच्या बरणीत कधीच ओतत नाही. बरणी तडकते, आणि तो चिकट काढा अंगाला बिलगून भाजतो. शंभरावरून साठावर उतरणे झटपट होते. पाण्याशी अंतर कमी होत जाते तसतसे निवणे मंदावते आणि शेवटचे अंश जीव खातात. आमच्या दिल्लीत जूनमध्ये नळालाच कढत पाणी येते. तिथे बर्फावाचून गत्यंतर नाही.

हे वाचताना मला वडील आणि चुलते आठवले. वाटणीच्या दिवशी दोघे असे कडाडले, की ओसरीवर कोणी पाऊल टाकीना. पण त्या भांडणात तिसऱ्याचा शब्द नव्हता. संध्याकाळपर्यंत राग कोमटही झाला. 'अजून शांत होऊ दे, मग बोलू,' असे म्हणता म्हणता महिने गेले, आणि त्या महिन्यांत सोयऱ्याधायऱ्यांचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शब्द पडत राहिले. नाते नासले ते तेव्हा. राग तर केव्हाच उतरला होता.

आज दोघेही नाहीत. चुलतभावांशी कधी आवाज चढला, तर मी त्याच रात्री त्यांना फोन करतो. राग पुरता गेलेला नसतो, शब्दही धड जुळत नाहीत. पण तिसरा कोणी बोलण्यापूर्वी आमचे बोलणे झालेले असते.