खपलीतल्या चौदा जोड्या

चौदा! चार वेळा मोजल्या. सूक्ष्मदर्शकाच्या गोल उजेडात लालभडक रंगलेल्या, बांगड्यांसारख्या चौदा जोड्या, आणि एकही गुणसूत्र एकटं नाही!

ही शिरोळच्या काळ्या रानातली खपली. गूळ घालून केलेली हिची खीर जत्रेच्या पंगतीत मी लहानपणापासून ओरपत आलेय, पण हिच्या पोटात हे चाललंय याचा पत्ताच नव्हता. गहू पोटरीत असतानाच ओंबी पानातून सोडवून घ्यायची. एकेका फुलात तीन परागकोश. ते हिरवट पांढरे असतानाच हवेत, पिवळे पडले की उशीर झाला. रंगाचा थेंब, वर काच, टीपकागद, अंगठ्याचा दाब. अकरा काचा वाया गेल्या आणि बाराव्या काचेत हे!

झोप उडवली ती मात्र पुढच्या गोष्टीनं. खपली झाली दोन रानटी गवतांच्या संकरातून. म्हणजे तिच्या २८ गुणसूत्रांत प्रत्येकाचा सख्खा जोडीदार तर आहेच, शिवाय दुसऱ्या घराण्यातली, जवळपास तशीच चुलत भावंडंही आहेत. परागकण घडण्याआधी सगळी एकाच पेशीत दाटीवाटीनं जोडीदार शोधतात. गफलत व्हायला कितीसा वेळ! तरी सख्खं सख्ख्यालाच जाऊन भेटतं.

ही शिस्त लावतो '५बी' गुणसूत्रावरचा 'पीएच१' हा भाग. रायली आणि चॅपमन यांनी १९५८ साली केंब्रिजहून दाखवून दिलं, की ५बी नसेल तर चुलत भावंडंही एकमेकांना जुळतात. त्यातलं कळीचं जनुक 'झिप४', आणि तेही मूळचं तिथलं नव्हे. '३बी'वरच्या जनुकाची ती जादा नक्कल! एका नकलेवर गव्हाची पिढ्यान्‌पिढ्यांची सुपीकता पेललेली आहे. रानगवतातला एखादा गुण गव्हात आणायचा तर पैदासकारांना हाच पहारा उठवावा लागतो. सीअर्सनं १९७७ मध्ये तसा गहू तयारही केला.

आणि आपली खपली! खोडावरच्या तांबेऱ्याला ती दाद देत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियात वॉटरहाउसनं तिचा स्टाइनवेडेल या साध्या गव्हाशी संकर केला. नाव पडलं 'खपस्टीन'. अर्धा शब्द आपला! असल्या संकरात ३५ गुणसूत्रं येतात: १४ जोड्या आणि ७ एकटी. ती सात बिचारी पेशीत कुठं भरकटत असतील, ते मला बघायचंय.

पण त्याआधी उद्या पहाटे साध्या गव्हाची पोटरी आणायला जाणार. तिथं एकवीस मोजायच्या आहेत.