अजून थोडं मागे

आमच्या घरचे सगळे अल्बम एकावर एक ठेवले तर वीतभर उंच होतात, पण त्यांत घर कुठेच नाही. माणसं आहेत. फाइव्ह गार्डनच्या हिरवळीवर आहेत, आषाढीला कात्रक रोडच्या विठ्ठलमंदिराबाहेर आहेत, गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून आहेत, शिवडीच्या किल्ल्यावर ओळीने उभी आहेत. सगळ्यांचे डोळे बारीक, कपाळावर ऊन. मोरी, ओटा, कॉटखालच्या ट्रंका, भिंतीवरचं कालनिर्णय आणि त्यावर आईने लाल पेनाने मारलेल्या दुधाच्या खाड्यांच्या फुल्या, यांतलं काही नाही. ज्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो त्या एकाही फोटोत नाहीत. एक सोडून, त्याचं पुढे सांगते.

कारण अगदी साधं होतं. घरात आगफा क्लिक थ्री होता. वडाळ्यात नाडकर्णी पार्कच्या पोर्ट ट्रस्ट वसाहतीत तेव्हा ज्यांच्याकडे कॅमेरा होता, त्यांच्याकडे बहुतेक हाच. रुंद 120 चा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. फोकस करायची सोयच नव्हती. साधारण दहा फुटांपलीकडचं सगळं नीट, अलीकडचं अंधुक. आणि क्वार्टरची खोली दहा बाय बारा, त्यात कॉट, गोदरेजचं कपाट आणि शिवणयंत्र. म्हणजे बाबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले तरी समोरचा माणूस कॅमेऱ्याच्या हिशेबात जास्तच जवळ. शिवाय आमच्याकडे फ्लॅश नव्हता. फोटो काढायचा तर उन्हात जायचं, हा आमच्याकडचा कायदा होता.

बागेत मात्र बाबांना मोकळं रान. कॅमेरा डोळ्याला लावून ते मागे मागे जात. "अजून थोडं मागे," असं ते स्वतःलाच मोठ्याने सांगत. एकदा ते असेच मागे जाता जाता बाकावर बसलेल्या पारशी आजोबांच्या मांडीवर बसता बसता राहिले होते. घरात त्यांनी हा प्रयोग एकदाच केला, धाकट्या काकांच्या मुलाच्या बारशाला. खोलीत जागा नाही म्हणून ते कॉमन गॅलरीत गेले आणि दारातून फोटो काढला. त्यात दाराची चौकट उत्तम आली आहे. मध्ये काळोख, आणि काळोखात पाळण्याची पितळी कडी तेवढी चमकते आहे. तो फोटोही आईने अल्बमात लावला. बारातला एक वाया कसा घालवायचा?

पुढे यशिका एमएफ टू आला, छत्तीसचा रोल आणि वर उचलला जाणारा फ्लॅश घेऊन. आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, छत्तीसच्या रोलमधून सदतिसावा आणि नशीब असेल तर अडतिसावा काढणं हे कौशल्य मानलं जायचं. गणपतीत भरलेला रोल संक्रांतीला संपायचा. मधल्या चार महिन्यांत घरात कुठलाही समारंभ असो, आईचा पहिला प्रश्न, "किती उरलेत?" मग रोल धुवायला टाकायचा, निगेटिव्हच्या पट्ट्या ट्यूबलाइटसमोर धरून काळे दात आणि पांढरे केस बघायचे, आणि त्यातून कॉपी कुणाकुणाच्या काढायच्या ते ठरवायचं. फ्लॅशमुळे आता घरात फोटो निघू लागले खरे, पण चुन्यासारखे पांढरे चेहरे, लाल डोळे आणि मागे अंधार. घर तेव्हाही आलं नाही. ते अंधाराच्या बाजूलाच राहिलं.

एवढा इतिहास सांगितला तो 2013 च्या जानेवारीतल्या भांडणासाठी.

बाबा इंदिरा डॉकमध्ये टॅली क्लार्क होते आणि मे अखेर रिटायर होणार होते. पोर्ट ट्रस्टचं क्वार्टर म्हणजे नोकरी संपली की काही महिन्यांत किल्ली परत. बदलापूरचा ब्लॉक घेऊन ठेवलेला होता. फंडाचे पैसे कशात गुंतवायचे यावर घरात एकमत झालं, पण बाबांनी त्यातून एक कॅमेरा मागितला आणि तिथे घर दुभंगलं.

डोंबिवलीचा आतेभाऊ आपला जुना डीएसएलआर काढत होता. कॅनन 1000डी, 2008 चं मॉडेल, दहा मेगापिक्सेल, सोबत 18-55 आणि 55-250 अशा दोन लेन्स. तो हौशी, पण तयारीचा. गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' घरी ठेवणारा आणि पाहुण्यांना जबरदस्तीने दाखवणारा. त्याचं म्हणणं एकच: "मामा, कॅमेरा घ्यायचा तर खरा घ्या." दुसऱ्या बाजूला पुण्याहून दादाने सुचवलेला नवा कोरा सुपरझूम, कॅननचाच एसएक्स50. नुकताच बाजारात आलेला, 24 ते 1200 मिलिमीटर, म्हणजे पन्नास पट झूम. दिसायला डीएसएलआरसारखाच, पण लेन्स निघत नाही. अशा कॅमेऱ्याला ब्रिज म्हणतात. आतेभाऊ त्याला "सासरही नाही, माहेरही नाही" म्हणायचा.

तांत्रिक बाजूने आतेभावाचं बरोबर होतं, हे आज मान्य करायला हरकत नाही. डीएसएलआरमधली चिप जुन्या लहान टपाल तिकिटाएवढी, साधारण 22 बाय 15 मिलिमीटर. सुपरझूमची तांदळाच्या दाण्याएवढी लांब आणि त्याहून जरा कमी रुंद. क्षेत्रफळात बारापटीचा फरक. उजेड गोळा करायला ताट विरुद्ध वाटी; दिवसाउजेडी दोन्ही भरतात, दिवेलागणीला वाटीत काही पडत नाही. पण वाटीचा फायदाही आहेच. चिप लहान म्हणून काच लहान, आणि काच लहान म्हणून ते 1200 मिलिमीटरचं प्रकरण सहाशे ग्रॅममध्ये बसतं. कॅननने मोठ्या कॅमेऱ्यांसाठी खरोखरीची 1200 मिलिमीटरची लेन्स बनवली होती, तिचं वजन साडेसोळा किलो. हे दादाने फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे गॅसचा सिलिंडर, भरलेला नव्हे, रिकामा."

आईचं मत मागितलं नव्हतं, तरी तिने ते दिलं. एक, जुना कॅमेरा विकतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार. दोन, त्यात व्हिडिओ निघत नाही (खरंच निघत नव्हता), मग नातीचा गॅदरिंगमधला नाच कशावर घ्यायचा? पहिला संशय निम्मा खरा ठरला. आतेभाऊ कॅमेरा दाखवायला आला तेव्हा बाबांनी मोठ्या लेन्समध्ये मागून टॉर्च मारला. हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. बुरशी. मुंबईच्या चार पावसाळ्यांत कापडी पिशवीत, कपाटात, डांबराच्या गोळ्यांसोबत राहिलेल्या काचेचं दुसरं काय होणार? "फोटोत दिसत नाही," आतेभाऊ म्हणाला. तेही खरं होतं.

शेवटी असं ठरलं की दोन्ही घेऊन शिवडीला जायचं. सुपरझूम दादाने पुण्यातल्या मित्राचा मागून आणला. वडाळ्याच्या पुढचंच स्टेशन शिवडी. पूर्वेला उतरून गोदामांमधून चालत जेट्टीपर्यंत गेलं की समोर चिखल, आणि नोव्हेंबर ते मे त्या चिखलात रोहित पक्षी. फ्लेमिंगो. हे पक्षी शिवडीला मोठ्या संख्येने येऊ लागले ते 1994 च्या सुमारास, म्हणजे आमच्या लहानपणी इथे नुसता चिखल आणि दुरुस्तीला लावलेली गलबतं होती. पक्षी बघायला भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास बरे. पाणी चढलं की ते काठाकडे सरकतात. लोक त्यासाठी कोष्टक शोधतात. बाबांची सगळी नोकरी धक्क्यावर गेलेली, त्यांनी आदल्या रात्री गॅलरीत उभं राहून चंद्राकडे बघितलं आणि म्हणाले, "साडेसातला निघू."

आतेभावाने डीएसएलआर डोळ्याला लावला. खटाक्. तो आवाज ऐकून सगळ्यांनाच बरं वाटलं. आमच्या पिढीला लहानपणी टीव्हीवरच्या हॉट शॉटच्या जाहिरातीने शिकवलंच होतं की फोटो म्हणजे खटाक्. फोटो कसा होता? स्वच्छ. सकाळचा निळसर चिखल, वर धूर, आणि मध्ये गुलाबी ठिपके. 250 ची लेन्स त्या चिपवर 400 सारखी वागते, पण पक्षी चारशेच्याही पलीकडे उभे होते.

मग बाबांनी सुपरझूम घेतला. घों करत लेन्सची नळी वीतभर बाहेर आली. आधी त्यांना काहीच सापडेना. एवढ्या झूमवर हात जरा हलला की पक्षी जाऊन नुसता चिखल दिसतो. डोळ्यासमोर खरं दृश्य नाही, एक चिमुकला टीव्ही, तोही क्षणभर मागे चालणारा. थवा उडाला आणि बाबांकडे रिकाम्या आकाशाचे चार फोटो जमा झाले. आतेभाऊ हसला. पण बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम तेवढ्यापुरता मागे येतो, पक्षी चौकटीत घ्यायचा आणि बटण सोडायचं. हे बाबांना दहा मिनिटांत जमलं आणि पक्ष्याची चोच आली. काळपट लाल, खाली वळलेली, टोकाला चिखल. म्हणजे लहान रोहित. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. हा फरक आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

पक्षी मात्र निमित्त. थोड्या वेळाने बाबांनी कॅमेरा वळवला तो पलीकडे, पीरपावच्या बाजूला, जिथे टँकर उभे असतात. पुन्हा घों आवाज. बाबा गप्प. मग त्यांनी जहाजाच्या मागच्या बाजूवरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि त्याखालचं बंदर: मोनरोव्हिया. उभ्या नोकरीत ज्या माणसाने जहाजांतून उतरलेल्या गोणी आणि पेट्या मोजल्या, त्याला आता धक्क्यावर न जाता जहाजाचं नाव वाचता येत होतं. आतेभावाने त्याच क्षणी आपला कॅमेरा बॅगेत घातला.

फेब्रुवारीत बोरा बाजारातून एसएक्स50 घरी आला. जून महिन्यात फ्री वे सुरू झाला, तो बाबांनी गच्चीवरून टिपला. मोनोरेलच्या चाचण्या चालल्या होत्या, त्या रिकाम्या धावणाऱ्या गाडीचे इतके फोटो आहेत की बघवत नाही. कार्डावर हजाराच्या वर फोटो मावत असूनही आई विचारायची, "किती उरलेत?" आणि बाबा आकडा नीट बघून सांगायचे.

घरातले फोटो मात्र आतेभाऊ म्हणाला होता तसेच आले. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत माणसांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखे दाणे. घरात बारसं-मुंज असेल, लहान मूल रांगत असेल, तर आजही मी कुणाला सुपरझूम घ्या म्हणणार नाही. जुना डीएसएलआर आणि एक स्वस्तातली 50 मिलिमीटरची लेन्स घ्या म्हणेन, फक्त टॉर्च मारून बघा. पण शिवडीच्या जेट्टीवर उभं राहणाऱ्या, लोकलने जाणाऱ्या, पासष्टीकडे झुकलेल्या माणसाच्या गळ्यात किलोभराचं ओझं आणि बदलायच्या दोन लेन्स देणं हा नुसता तोरा आहे.

टेम्पो यायच्या आदल्या रात्री मजल्यावरचे सगळे निरोपाला आले. आतेभाऊही आला, डीएसएलआर घेऊन. तो शेवटी कुणी घेतलाच नव्हता. चौदा माणसं, कॉटवर, ट्रंकांवर, जमिनीवर. आतेभाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला. डावीकडच्या शेजारच्या काकू आणि उजवीकडे दादा चौकटीबाहेर. "मामा, अजून थोडं मागे जायला हवं," तो म्हणाला. मागे ओटा होता. ती 18-55 लेन्स पूर्ण उघडली तरी त्या चिपवर जेमतेम 29 सारखी वागते.

"सरक," बाबा म्हणाले. ओट्याला पाठ लावून त्यांनी झूमची कळ उलटी ओढली. पन्नास पटींच्या कॅमेऱ्याचा झूम पार मागे, चोवीसवर. काकू आत आल्या, दादा आत आला, गोदरेजचं कपाट, शिवणयंत्र, मोरीचं दार, माळ्यावरचे डबे, भिंतीवरचं कालनिर्णय. खटाक् वगैरे काही नाही, बारीक टिकटिक झाली.

आतेभावाने मागच्या पडद्यावर फोटो बघितला. "नॉइज आहे, मामा."

आईने चष्मा लावला. "जरा मोठा कर," ती म्हणाली. "तिकडे नाही, कालनिर्णयावर." लाल फुल्या दिसत होत्या. आईने बोटाने मोजल्या. मग बाबांकडे वळून म्हणाली, "बघा, तीन खाडे आहेत. त्याने दोनच कापले."