चित्रपटातील चुका आणि पांढरकवड्याची वाघीण

यवतमाळ

प्राध्यापक महोदयांस,


लुक बेसाँ यांच्या ‘द बिग ब्लू’ (1988) या चित्रपटातील चुकांची जी यादी आपल्या विद्यार्थ्यांनी केली आहे, तिच्यात दोन भिन्न जातींचे दोष एकाच दावणीला बांधले गेले आहेत. पाण्याबाहेर आलेल्या माणसाचे केस एका क्षणी ओले आणि पुढच्या क्षणी कोरडे दिसावेत, यास सलगतेचा दोष म्हणतात. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, कधी निरनिराळ्या दिवशी चित्रित होत असल्याने तो घडतो आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. वस्तुस्थितीच्या दोषाचे तसे नसते. या चित्रपटाचा विषय असलेले फ्री डायव्हिंग म्हणजे सिलिंडर न घेता एका श्वासावर खोल जाणे. वजनाच्या आधाराने खाली जाऊन हवा भरलेल्या फुग्याने वर येण्याच्या प्रकारात जाक मायोल यांनी 1976 मध्ये एल्बा बेटाजवळ 100 मीटर गाठले, जेथे दाब पृष्ठभागाच्या अकरा पट असतो. चित्रपटाच्या नायकाचे नाव हेच आहे. त्याचा प्रतिस्पर्धी एन्झो मात्र, जो एन्झो माइओर्का यांच्यावरून बेतलेला आहे, पडद्यावर प्राण गमावतो. प्रत्यक्षात माइओर्का 2016 पर्यंत हयात होते, आणि त्यांच्या हरकतीमुळे इटलीत हा चित्रपट 2002 पर्यंत अडून राहिला.

हीच कसोटी पांढरकवड्यात बसून ‘शेरनी’ला (2021) लावून पाहणे अधिक उचित ठरेल. अमित मसुरकर यांच्या या चित्रपटातील टी-12 ही वाघीण पांढरकवडा भागातील ज्या टी-1 वाघिणीची, म्हणजे प्राणिमित्रांच्या ‘अवनी’ची आठवण करून देते, तिच्यावर 13 माणसे मारल्याचा ठपका होता आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली. तिला हुडकण्यासाठी हत्ती, कॅमेरा ट्रॅप आणि केल्विन क्लाइनचे अत्तरसुद्धा वापरले गेले. हा शेवटचा तपशील एखाद्या पटकथेत आला असता तर चुका शोधणाऱ्यांनी त्यावरच पहिले बोट ठेवले असते. चित्रपटात अखेरीस बछडे सुखरूप सापडतात. प्रत्यक्षात दोन वाढत्या बछड्यांपैकी मादी डिसेंबरात पकडून पेंचला नेण्यात आली.

चित्रपट काल्पनिक असल्याने एवढी मुभा त्याला आहेच. खटकते ती भूमी. चित्रीकरण मध्य प्रदेशात झाले, वाघिणीची वाट तांब्याच्या खाणीने अडवली; यवतमाळात वणीकडे कोळसा आहे, चुनखडी आहे, तांबे नाही. त्याहून मोठी उणीव कपाशीची. टी-1 चा वावर दाट अरण्यापेक्षा शेते, नाले आणि झुडपी जंगल यांच्या सरमिसळीत होता. ‘झुडपी जंगल’ ही विदर्भाच्या महसुली दप्तरातील नोंद असून तीत विरळ, काटेरी, बहुधा गुरे चारण्याची जमीन येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस फुटला की वेचणी लांबवता येत नाही आणि वाढलेल्या पऱ्हाटीत वाकून वेचणाऱ्या बाईला चार ओळींपलीकडचे दिसत नाही. माणसे शेतात का गेली, या प्रश्नाचे उत्तर या वेचणीत आहे. जंगलात लाकडासाठी वा चराईसाठी गेलेल्या गावकऱ्यांवर भर देणाऱ्या कथेत ते येत नाही, आणि मग शहरी प्रेक्षकाला वाघाच्या घरात माणूस शिरला असे वाटणे साहजिक होते.

पुढील यादी करताना विद्यार्थ्यांनी ओले-कोरडे केस खुशाल टिपावेत, फक्त ते वेगळ्या पानावर असावेत.