दोष बोटाचा की बटणाचा?

यंत्र बिघडले की आपण संशय कुणावर घेतो? तरुण माणूस यंत्रावर घेतो, म्हातारा माणूस स्वतःवर! उशिरा शिकायला बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एक भित्रा विद्यार्थी दडलेला असतो. काही बिनसले की तो आधी स्वतःचेच कान धरतो. आमच्या घरातला हा विद्यार्थी ७६ वर्षांचा आहे.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, कचेरीत टंकलेखक होते. ३० वर्षे त्यांनी बोटांवर घर चालवले. खाली न बघता टंकयंत्रावर धावणाऱ्या त्या बोटांचा त्यांना जरासा गर्वही होता. निवृत्तीनंतर ते हट्टाने संगणक शिकले आणि गल्लीतल्या लोकांचे अर्ज विनामूल्य लिहून देऊ लागले. पण गेल्या पावसाळ्यापासून भलतेच घडू लागले. समोरची एक खिडकी मिटायला जावे, तर तिच्यामागचीही मिटे. माउसचे बटण दाबून धरून एखादी फाइल ओढत न्यावी, तर ती वाटेतच सुटून दुसऱ्याच फोल्डरात जाऊन पडे. शेजारच्या एका विधवा बाईंचा निवृत्तिवेतनाचा अर्ज असाच दिवसभर हरवला. त्या संध्याकाळी अण्णांनी संगणकावर जुने पांघरूण घातले. म्हणाले, "बोट थरथरतंय गं आता. पुरे झालं." घरातल्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. वय झाले, दुसरे काय!

मला ते पटेना. तर्कशास्त्राच्या तासाला आपण मिलच्या पद्धती घोकतो. कारण शोधायचे असेल, तर बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहावी, हे त्यांतले सार. परीक्षेपलीकडे त्यांचा उपयोग होईल असे कुणाला वाटले होते! मी आधी हात बदलला. अण्णांचा माउस मी २० वेळा दाबला. ६ वेळा एका दाबाचे दोन झाले. मग हात अण्णांचा ठेवून माउस बदलला. शेजाऱ्यांच्या माउसवर अण्णांचे २० दाब बिनचूक उमटले. मग आमचा माउस शेजाऱ्यांच्या संगणकाला लावला; खोड त्याच्याबरोबर तिकडेही गेली. शेवटी संगणकाला सांगून डाव्या बटणाचे काम उजव्याकडे दिले, आणि उजव्याने ते मुकाट्याने नीट केले. म्हणजे बोट सुटले, संगणक सुटला. आरोपीच्या पिंजऱ्यात उरले एकटे डावे बटण.

१९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी पहिला माउस घडवला, तेव्हा तो लाकडी ठोकळा होता. खाली दोन चाके आणि वर एकच बटण. ठोकळ्याचे प्लॅस्टिक झाले, चाकांच्या जागी प्रकाश आला, पण बटणाचे काम तेच राहिले. आत धातूची पातळ, बाकदार पट्टी असते. दाबली की टक्कन खाली टेकते आणि वीज वाहू लागते. टेकताना ती क्षणभर थरथरते. ही थरथर प्रत्येक नव्या बटणातही असते, म्हणून आतली चिप सेकंदाचे काही सहस्रांश वाट पाहते आणि मगच दाब मोजते. चांगल्या बटणांची १ ते २ कोटी दाबांची हमी देतात. पण पट्टीचा ताण सैलावला, टेकण्याची जागा झिजली किंवा काजळली, की थरथर लांबते, चिपचा धीर अपुरा पडतो आणि एकाचे दोन होतात. थरथर खरीच होती. फक्त ती अण्णांच्या बोटात नव्हती!

बाजारपेठेत पूर्वी रेडिओ आणि आता मोबाइल दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी माउसच्या तळाच्या चकत्या सोलून खालचा स्क्रू काढला. म्हणाले, "डावं राबून राबून मेलंय. उजवं नुसतं बसून खातंय. अदलाबदल करू." डाख वितळवून त्यांनी दोन्ही बटणांच्या जागा बदलल्या. पन्नास रुपये घेतले.

अण्णांनी पांघरूण काढले. एक खिडकी मिटली. मागची जागच्या जागी राहिली. ते काहीच बोलले नाहीत. जरा वेळाने मात्र गॅलरीतून हाक ऐकू आली, "वहिनी, तुमचा अर्ज आणा हो."

तेव्हापासून मला रेशनच्या रांगेतली माणसे वेगळी दिसू लागली आहेत. आयुष्यभर विटा उचलून अंगठ्याच्या रेषा पुसल्या गेलेला म्हातारा यंत्रावर अंगठा टेकवतो, यंत्र त्याला ओळखत नाही, आणि तोच ओशाळून अंगठा धोतराला पुसतो. पुन्हा टेकवतो. मागची रांग कुरकुरते, "नीट दाबा की हो आजोबा!" यंत्राला उद्देशून मात्र कुणीच काही बोलत नाही. मित्रहो, आपण शिकलेली माणसे. निदान आपण तरी म्हाताऱ्या बोटाला दोष देण्याआधी एकदा बटण तपासून पाहायला काय हरकत आहे?